जुनी गिटार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिरियापट्टण मागे टाकलं की म्हैसूर–मडिकेरी रस्ता कोडगूत शिरतो. तिथल्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेल्या झाडांमध्ये शिसवही असतो. जगातल्या असंख्य गिटारींची पाठ आणि बाजू ज्या भारतीय शिसवाच्या असतात, तो दक्षिण सह्याद्रीच्या याच पट्ट्यात वाढतो. तुमच्या माळ्यावरच्या जुन्या गिटारीचं लाकूडही कदाचित इथलंच असेल; म्हणून ती खाली काढलीत, तर आधी तिच्याविषयीचे काही समज तपासून घ्या.

गैरसमज : भारतीय शिसव म्हणजे ब्राझीलच्या शिसवाच्या जागी वापरलं जाणारं दुय्यम लाकूड.
वस्तुस्थिती : ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली आणि १९६९ मध्ये अमेरिकेतली मार्टिन कंपनी भारतीय शिसवाकडे वळली. तेव्हापासून उत्तमोत्तम गिटारी याच लाकडाच्या झाल्या आहेत. शिवाय आवाजाचा मोठा भाग ठरतो तो समोरच्या फळीवर, म्हणजे सतारीच्या भाषेत तबलीवर. आणि ती बहुधा स्प्रूसची असते. आज भारतीय शिसवही संकटग्रस्त मानला जातो. जुनी गिटार वाचवणं म्हणजे एका झाडाचा मान राखणं, हे विसरू नये.

गैरसमज : जितकी जुनी, तितकी गोड.
वस्तुस्थिती : वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड हलकं होतं, स्वर मोकळा होऊ शकतो. पण पोलादी तारांचा हलका संचसुद्धा सत्तर किलोंच्या आसपास ताण देतो. या ओढीने तबली फुगते, मान पुढे झुकते, आतल्या पट्ट्या सुटतात. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि दिवा आत धरा, तबलीवर बोटाने हलकेच टिचकी मारत जा. जिथे खुळखुळ ऐकू येईल, तिथली पट्टी सुटली असण्याची शक्यता आहे.

गैरसमज : तारा उंच झाल्या की ट्रस रॉड पिळायचा.
वस्तुस्थिती : ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, मानेचा बाक सुधारतो, मान ज्या कोनात गिटारीच्या धडाला जोडली आहे तो कोन बदलत नाही. मानेचा बाक नीट करून सरळ पोलादी पट्टी पडद्यांवर ठेवा. तिचं टोक घोडीच्या माथ्यावर टेकायला हवं. ते घोडीच्या कडेवर खाली आदळलं, तर मान सोडवून नव्या कोनात बसवावी लागते, आणि ते काम जाणत्या कारागिराचंच. जुन्या, तात आणि नायलॉनसाठी बांधलेल्या गिटारीवर पोलादी तारा चढवू नका.

गैरसमज : तडा गेला तर फेव्हिकॉल किंवा इपॉक्सी भरा, काम पक्कं.
वस्तुस्थिती : जुन्या गिटारी सरसाने जोडलेल्या असतात. सरस उष्णता आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून पुढच्या दुरुस्तीला वाट राहते. इपॉक्सीचा सांधा पुन्हा उघडताना लाकूडच फाटतं. ज्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या जुनी वाद्यं दुरुस्त होत आली आहेत. वाद्य पुन्हा उघडता आलं पाहिजे, हीच या विद्येची पहिली अट.

गैरसमज : नव्या पॉलिशने रूप आणि किंमत दोन्ही वाढतात.
वस्तुस्थिती : मूळ लेप घासून काढला की चांगल्या जुन्या गिटारीची किंमत बहुधा घसरतेच, आणि जाड नवा लेप तबलीची थरथर दाबतो. लाखेचं पॉलिश स्पिरिटने विरघळतं, तेव्हा सफाईला मऊ, जेमतेम ओलसर कापडच पुरेसं.

गैरसमज : पेटीत बंद ठेवली की ती सुरक्षित.
वस्तुस्थिती : पावसाळ्यात लाकूड फुगतं, कडक उन्हाळ्यात आक्रसतं आणि पडद्यांची टोकं हाताला लागू लागतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहावी. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेल घाला आणि गिटार वाजवत राहा.

दुरुस्ती जितकी कमी, तितकी चांगली. जे मूळचं टिकलं आहे ते टिकवा, आणि जे बदलावंच लागेल ते अशा रीतीने बदला, की उद्याच्या कारागिराला ते पुन्हा सोडवता येईल.