दावा आणि पुरावा – लेखांक ६ : कोणता मास्क, कोणासाठी?

२१ जून २०२१ रोजी तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात करोनाच्या ‘डेल्टा प्लस’ या प्रकाराचे २१ रुग्ण सापडल्याचं जाहीर केलं. त्यातले ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते, म्हणजे राज्यात सर्वांत जास्त. पाठोपाठ संगमेश्वर तालुक्यातल्या एका वृद्ध महिलेचा मृत्यूही याच प्रकाराने झाल्याची बातमी आली आणि जिल्ह्याच्या पोटात गोळा आला. त्या दिवसांत आपल्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज येत होते. एक सांगायचा, मास्क लावा, धोका दीड टक्क्यावर येतो. दुसरा सांगायचा, मास्क काढा, शरीरातला ऑक्सिजन कमी होतो. दोन्हींच्या खाली कुठल्या तरी मोठ्या डॉक्टरचं किंवा विद्यापीठाचं नाव असायचं आणि दोन्ही तितक्याच तळमळीने पुढे पाठवले जायचे.

महाराष्ट्रात मास्कची सक्ती २०२२च्या गुढीपाडव्याला उठली. वाद मात्र मिटला नाही. तापाची साथ आली, घरात कुणाला खोकला झाला की तोच प्रश्न पुन्हा निघतो : मास्कचा काही उपयोग होतो का हो? माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देणाऱ्या माणसावर लगेच विश्वास ठेवू नये. कोणता मास्क, कोणाच्या तोंडावर, कशापासून बचाव करायला, आणि कशाशी तुलना करून, एवढं कळल्याशिवाय तो दावा तपासताच येत नाही.

यासाठी थोडं मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत आणि पुढे पुण्यात पसरलेला प्लेग आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे. तो मुख्यतः गाठीचा प्लेग. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा तो पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. पिसू चावून होणाऱ्या रोगाला तोंडावरचं फडकं काय अडवणार? १९१०-११च्या हिवाळ्यात मांचुरियात प्लेगच आला, जंतूही तोच, पण तो फुप्फुसाचा प्लेग होता आणि खोकल्यावाटे पसरत होता. तिथे पाठवलेले तरुण डॉक्टर वू लिएन-तेह यांनी गॉज आणि कापसाच्या पट्ट्यांचे मास्क बनवून ते कर्मचाऱ्यांना बांधायला लावले. फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांना हे पटलं नाही. ते मास्क न लावता रुग्णांना तपासायला गेले आणि काही दिवसांतच प्लेगने दगावले. जंतू एकच, रोगाचं नावही एकच. मुंबईत मास्क निरुपयोगी ठरला असता आणि मांचुरियात तो जीव वाचवणारा ठरला. रोग कोणत्या वाटेने येतो, हा पहिला प्रश्न असतो तो यामुळे.

आता मास्कच्या विरोधातला सर्वांत लोकप्रिय दावा घ्या. विषाणू इतका बारीक असतो की मास्कच्या छिद्रांतून तो जाळीच्या कुंपणातून डास जावा तसा आरपार जातो, असं त्यात म्हटलेलं असायचं. ऐकायला अगदी पटण्यासारखं. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो, हेही खरं. पण तो हवेत सुटा, एकटा फिरत नाही. तो श्वासातून, बोलण्यातून उडणाऱ्या थेंबांमध्ये आणि सूक्ष्म तुषारांमध्ये बसून येतो. शिवाय मास्क चाळणीसारखा चालतच नाही. एखादा वापरून झालेला तीन पदरी सर्जिकल मास्क कात्रीने कापून बघा. बाहेरचा आणि आतला पदर साधा, थोडा खरखरीत लागतो. मधला पांढरा पदर मऊ, दाट आणि कागदासारखा फाटणारा असतो. सगळं काम त्या मधल्या पदराचं. वितळलेल्या प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंची ती गुंतवळ असते आणि त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. मोठे कण सरळ येऊन तंतूंवर आदळतात. फार बारीक कण हवेत इकडेतिकडे थरथरत जातात आणि तंतूंना लागून चिकटतात. विद्युतभार दोघांनाही ओढून घेतो. अडवायला सर्वांत कठीण असतात ते मधल्या आकाराचे, साधारण ०.३ मायक्रॉनचे कण. म्हणून एन-९५ मास्कची चाचणी त्याच आकाराच्या कणांवर होते आणि त्यातले निदान ९५ टक्के अडले तरच ते नाव मिळतं.

एन-९५ साबणाने धुतला तर मास्क स्वच्छ होतो, पण तंतूंवरचा विद्युतभार निघून जातो. ‘धुऊन पुन्हा वापरा’ असं कुठल्याही एन-९५बद्दल कुणी सांगत असेल तर हे लक्षात असू द्या. सर्जिकल मास्कचा खरा कच्चा दुवा वेगळाच आहे : गालाशी आणि नाकाशी राहणारी फट. कापड कितीही उत्तम असलं तरी हवा सोपी वाट शोधते. विरोधकांनी या फटीवर बोट ठेवलं असतं तर त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. ते छिद्रांवर अडून बसले.

आणि गंमत नव्हे, काळजीची गोष्ट अशी की बऱ्याचदा एकाच मेसेजमध्ये दोन दावे शेजारी शेजारी असायचे : विषाणू मास्कमधून आरपार जातो, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्ये अडकून माणूस गुदमरतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू विषाणूपेक्षा शेकडो पटींनी लहान. विषाणूला वाट देणारा मास्क रेणूला कसा अडवेल? दावा तपासायला दर वेळी प्रयोगशाळा लागत नाही. त्यातली वाक्यं एकमेकांशी जुळतात का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ मेसेज तिथेच गळतात.

ऑक्सिजनची शंका मात्र लोकांनी मनापासून विचारली होती, म्हणून तिचं उत्तर आकड्यांनी देतो. कॅनडातल्या डॉक्टरांनी सरासरी ७६ वर्षांच्या २५ जणांना तीन पदरी मास्क लावून त्यांचा ऑक्सिजन मोजला. मास्कआधी सरासरी ९६.१ टक्के, मास्क असताना ९६.५, नंतर ९६.३. पंचवीसच माणसं, म्हणजे अभ्यास लहान आहे आणि दम्याचे किंवा हृदयाचे गंभीर रुग्ण त्यात नव्हते. तरी ज्या आजी-आजोबांना भीती घातली जात होती, त्यांच्याच वयाच्या लोकांवरची ही मोजणी आहे. दुसऱ्या लाटेत घरोघरी ऑक्सिमीटर आला. तो अजून कपाटात असेल तर सेल बदलून मास्क लावून स्वतः पाहा. एन-९५ तासन्‌तास लावला की डोकं दुखतं, कानामागे चट्टे उठतात, जीव कोंडल्यासारखा होतो. रुग्णालयातल्या परिचारिकांनी हे भोगलं आहे आणि ते कुणी नाकारू नये. पण त्रास होणं वेगळं आणि ऑक्सिजन उतरणं वेगळं. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी याबाबत आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

‘अभ्यासात सिद्ध झालं आहे’ हे शब्द आले की आपण मान डोलावतो. जून २०२१ मध्ये एका नामांकित अमेरिकी बालरोग-नियतकालिकात लेख आला की मास्क लावलेल्या मुलांच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड धोकादायक प्रमाणात साठतो. मोजण्याची पद्धतच चुकीची असल्याचे आक्षेप आले आणि जुलैमध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. आणखी एक लेख ‘स्टॅनफर्डचा अभ्यास’ म्हणून जगभर फिरला. लेखकाचा आपल्याशी संबंध नसल्याचं स्टॅनफर्डने सांगितलं आणि तो लेखही मागे घेतला गेला. मागे घेतल्याची बातमी मूळ लेखाइतकी दूर कधीच जात नाही. म्हणून जुना अभ्यास हाती आला की तो अजून उभा आहे का, हे आधी पाहावं.

तेवढ्याच कडकपणे मास्कच्या बाजूचे दावेही तपासले पाहिजेत. दोन चेहऱ्यांचं ते चित्र आठवत असेल : रुग्णाला मास्क नाही तर धोका ७० टक्के, रुग्णाला आहे तर ५, दोघांनाही असेल तर १.५. त्या आकड्यांमागे कोणताही अभ्यास नव्हता. हेतू चांगला होता म्हणून आकडा खरा होत नाही. उलट अशा आकड्यामुळेच नंतर लोकांना वाटलं की सगळंच थोतांड होतं.

मग मोजून काय निघालं? डेन्मार्कमध्ये २०२०च्या वसंतात सुमारे ६,००० जणांवर महिनाभर प्रयोग झाला. मास्क लावायला सांगितलेल्यांत १.८ टक्के लोकांना संसर्ग झाला, इतरांत २.१ टक्के. फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकेल. ‘मास्क निरुपयोगी’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग उचलून धरला. पण मास्क गटातल्या निम्म्याहून कमी लोकांनी सांगितल्याप्रमाणे मास्क पूर्णपणे वापरला होता. आणि मास्क लावणाऱ्याचा स्वतःचा बचाव होतो का, एवढंच तिथे पाहिलं होतं. रुग्णाने लावला तर शेजाऱ्याचा बचाव होतो का, हे पाहिलंच नव्हतं.

मला बांगलादेशातला प्रयोग जास्त जवळचा वाटतो. आपल्यासारखीच दमट हवा, दाट वस्ती, बाजाराचा दिवस, प्रार्थनेची गर्दी. ६०० गावं, सुमारे ३,४२,००० प्रौढ माणसं. काही गावांत मास्क फुकट वाटले, लोकांना आठवण करून दिली, गावातल्या मान्यवरांना पुढे केलं. उरलेल्या गावांत काही केलं नाही. लक्षणं असलेले आणि रक्ततपासणीत करोना निघालेले लोक पहिल्या गावांत साधारण ९ टक्क्यांनी कमी निघाले. सर्जिकल मास्कच्या गावांत ११ टक्क्यांनी, आणि त्यातल्या साठीपुढच्यांत तर ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही.

इथे घाई करू नका. ‘म्हणजे मास्कने फक्त ९ टक्के बचाव होतो’ असा अर्थ अनेकांनी काढला आणि तो चुकीचा आहे. मास्क वाटलेल्या गावांतही सगळ्यांनी मास्क लावला नव्हता. एरवी शंभरातले १३ लावत होते, मोहिमेनंतर ४२ लावू लागले. म्हणजे शंभरातल्या आणखी २९ जणांनी मास्क लावल्यावर गावात किती फरक पडला, एवढंच तो आकडा सांगतो. शंभरच्या शंभर जणांनी लावला असता तर काय झालं असतं, हे त्यात नाही. मास्क लावणं आणि मास्क लावायला सांगणं, यांतलं अंतर बहुतेक वादांत कुणी पाहतच नाही.

२०२३च्या जानेवारीत वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा ७८ प्रयोगांचा आढावा आला, तेव्हाही तेच झालं. ‘मास्क चालत नाहीत असं सिद्ध झालं’ अशा मथळ्यांची झोड उठली. मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादिका कार्ला सोआरेस-वायझर यांना सांगावं लागलं की हा अर्थ चुकीचा आणि दिशाभूल करणारा आहे. लोकांना मास्क लावायला प्रवृत्त केल्याने संसर्ग कमी होतो का, हा प्रश्न होता आणि उपलब्ध पुराव्यातून ठाम उत्तर निघालं नाही. पुरावा अपुरा असणं आणि विरोधात पुरावा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘आधी म्हणाले नको, मग म्हणाले लावा’ हा राग मला समजतो. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्ये निरोगी माणसाला मास्कची गरज सांगितली नव्हती आणि ५ जूनला गर्दीत कापडी मास्क लावायला सांगितलं. मधल्या काळात लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही रोग पसरतो याचे पुरावे वाढले होते. मत बदलणं योग्यच होतं. मात्र मास्कचा तुटवडा आहे आणि ते आधी डॉक्टर-परिचारिकांना हवेत, हे तेव्हाच सर्वांना ठळकपणे सांगितलं असतं तर विश्वास कमी ढळला असता.

मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीची दहशत पसरली तेव्हा ओलसर मास्कमुळे ती होते, असं सांगितलं गेलं. त्याला पुरावा मिळाला नाही. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक ही मुख्य कारणं होती. तरी आपल्या पावसात दोरीवर दोन दिवस न वाळलेला कापडी मास्क पुन्हा तोंडाला लावू नये. त्यातून श्वास घ्यायला जड जातो आणि त्वचेला पुरळ येतं, एवढं कारण पुरेसं आहे.

मेडिकलमध्ये मास्क घेताना वेष्टनावरचा मजकूरही दावाच असतो. भारतीय मानक आयएस ९४७३ हे एन-९५सारख्या कण गाळणाऱ्या मास्कसाठी आहे, आयएस १६२८९ सर्जिकल मास्कसाठी. नुसतं मोठ्या अक्षरात ‘एन-९५’ छापलं म्हणजे झालं नाही. अमेरिकी मान्यतेच्या अस्सल एन-९५ला कानात अडकवायचे नव्हे, डोक्यामागून जाणारे पट्टे असतात. झडपेचा मास्क आत येणारी हवा गाळतो, बाहेर जाणारी नाही. खोकणाऱ्या माणसाने तो लावून उपयोग नाही.

आता आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका दाव्याकडे वळतो, जो कुणी मेसेजमधून पाठवत नाही आणि म्हणून कुणी तपासतही नाही. हंगामात आंब्याच्या मोहोरावर कीटकनाशकाची फवारणी सुरू होते. पंप सुरू करणारा गडी तोंडाला रुमाल किंवा गमछा बांधतो आणि ‘रुमाल बांधलाय ना, मग झालं’ असं आपण मानतो. कीटकनाशकाचे तुषार त्या कापडात मुरतात आणि ओलं कापड दिवसभर नाकातोंडाशी राहतं. सर्जिकल मास्कचीही तीच गत. एन-९५ तुषारांतले कण अडवेल, पण औषधाची वाफ अडवणार नाही. त्यासाठी कोळशाचं काडतूस असलेला, तोंडाला घट्ट बसणारा मास्क लागतो. चिऱ्याच्या खाणीत प्रश्न वेगळा आहे. तिथे यंत्राच्या पात्यातून धूळ उडते, वाफ नाही. म्हणून तिथे नीट बसणारा एन-९५ कामाचा ठरतो आणि पात्यावर पाणी सोडलं तर धूळच कमी उडते.

आपल्या बागांमध्ये फवारणी करणाऱ्यांत नेपाळहून आलेले कामगार पुष्कळ आहेत. बाटलीवरची सूचना त्यांना वाचता येईलच असं नाही. बागायतदारांनो, यंदा औषधाच्या खरेदीबरोबर फवारणाऱ्यांच्या संख्येइतके काडतुसाचे मास्क आणा, बाटलीवरची सूचना त्यांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवा, आणि मास्क लावल्याशिवाय पंप सुरू करू देऊ नका.