नाद आणि मोल : उंची इअरफोनांची पारख

ज्या घरांत एके काळीं गाण्याची तबकडी लागली म्हणजे माजघरापासून ओसरीपर्यंत सर्वांच्या कानीं ती पडत असे, त्याच घरांत आज दिवाणखान्यांत बसलेलीं चार माणसें चार निरनिराळीं गाणीं ऐकत असतात, आणि एकाचें दुसऱ्यास कळत नाहीं. ही किमया कानांत घालावयाच्या इवल्याशा इअरफोनाची होय. तिच्या सामाजिक बऱ्यावाईटाचा विचार आज आम्हांस कर्तव्य नाहीं. आमचा प्रश्न कुटुंबाच्या जमाखर्चाशीं अधिक जवळचा आहे. पांचशें रुपयांस मिळणारा इअरफोन आणि लाख रुपयांच्या घरांतला इअरफोन यांच्या नादांत खरोखर किती अंतर असतें, व तें ओळखावें कसें? घरांतील तरुण असली मागणी पुढें ठेवतो तेव्हां वडील म्हणतात, "हा शुद्ध उधळेपणा आहे." मुलगा मनांत म्हणतो, "बाबांना फरक ऐकूंच येत नाहीं." दोघांच्याहि म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. आम्हांस या नादाचा नाद लागून बरींच वर्षें झालीं. त्या अनुभवाच्या व शास्त्रज्ञांनीं केलेल्या प्रयोगांच्या आधारें या वादाचा निकाल कसा लावावा, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम या वस्तूची घडण पाहूं. इअरफोनांत ध्वनि उत्पन्न करणाऱ्या भागास ड्रायव्हर म्हणतात, व त्याच्या मुख्य जाती दोन. पहिली डायनॅमिक. मोठ्या लाउडस्पीकरांत असतो तसाच हिच्यांत एक पातळ पडदा असून त्यास चिकटविलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत मागेंपुढें हालतें. दुसरी जात बॅलन्स्ड आर्मेचर. हिच्यांत दोन चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली एक पट्टी कंप पावते, आणि एक सूक्ष्म काडी तो कंप पडद्यास पोंचविते. ही दुसरी जात कमी ऐकूं येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रांत फार दिवसांपासून वापरांत होती. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत मीड किलियन यांनीं १९८३ सालीं एटिमॉटिक रिसर्च ही संस्था काढली, व तिनें १९९१ सालीं याच जातीचा ईआर-४ नांवाचा इअरफोन संगीत ऐकणारांसाठीं बाजारांत आणला. उंची इअरफोनांचा शौक येथूनच रुजला असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें जेरी हार्वे या ध्वनियोजकानें ॲलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकास रंगमंचावरील गोंगाटांत स्वतःचें वादन नीट ऐकतां यावें म्हणून कानांत बसणारे इअरफोन करून दिले, व १९९५ सालीं अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली.

तुलनेसाठीं तीन प्रसिद्ध नमुने घेऊं. पहिला एटिमॉटिकचा ईआर-४ एसआर, २०१६ सालचा. यांत एकच बॅलन्स्ड आर्मेचर असून त्याची तीन कड्यांची टोपी कानांत बरीच खोल जाते. दुसरा शूर कंपनीचा एसई-८४६, २०१३ सालचा. यांत चार बॅलन्स्ड आर्मेचर आहेत. खर्ज स्वर तेवढे गाळून घेण्यासाठीं पोलादाच्या दहा पातळ पत्र्यांतून सुमारें चार इंच लांबीचा वाकडातिकडा मार्ग कोरून तो या एवढ्याशा डबींत बसविला आहे. तिसरा सेनहायझरचा आयई-९००, २०२१ सालचा. यांत सात मिलिमीटर व्यासाचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर असून त्याचें घर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांतून कोरून काढलेलें असतें. बाजारांत आले तेव्हां यांच्या किंमती अनुक्रमें सुमारें ३५०, १,००० व १,३०० डॉलर होत्या. ड्रायव्हरांच्या संख्येवरून नादाची प्रत ठरत नाहीं, हें या यादीवरूनच दिसून येईल. एका ड्रायव्हराचा आयई-९०० चार ड्रायव्हरांच्या एसई-८४६ पेक्षां महाग आहे.

आतां हे तिन्ही एकामागून एक कानांत घालून पाहिले म्हणजे पारख झाली, असें कोणी समजेल तर तें खरें नव्हे. या वाटेवर तीन अडथळे आहेत, आणि ते दूर केल्याखेरीज दिलेला कोणताहि अभिप्राय कुचकामाचा होय.

पहिला अडथळा आवाजाच्या मोठेपणाचा. एसई-८४६ चा विद्युत्-अवरोध अवघा ९ ओहम, तर ईआर-४ एसआरचा ४५ ओहम. त्यामुळें एकाच फोनास, आवाजाच्या एकाच खुणेवर दोन्ही लावले तर पहिला कितीतरी मोठ्यानें वाजतो. आणि मनुष्याच्या कानाचा स्वभाव असा कीं, फरक एखाद्या डेसिबलाचा असला तर तो "मोठा" म्हणून जाणवत नाहीं, "स्वच्छ" किंवा "भरदार" म्हणून जाणवतो. शिवाय आवाज मंद झाला कीं खर्ज स्वर इतरांहून अधिक मंदावल्यासारखे वाटतात. हें फ्लेचर व मन्सन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं प्रयोगानें दाखवून दिलें. म्हणून तुलनेपूर्वीं सर्व नमुने सारख्या मोठेपणावर आणणें अवश्य आहे. सर्व सप्तकांत सारखी शक्ति असलेला, धबधब्याच्या आवाजासारखा 'पिंक नॉइज' लावावा, इअरफोनाचें तोंड एका आंखूड नळीच्या टोकास घट्ट बसवावें, व दुसऱ्या टोकास सूक्ष्म मायक्रोफोन ठेवून माप घ्यावें. प्रत्येक नमुन्याचें माप सारखें येईपर्यंत आवाज कमीजास्त करावा. एवढी एक गोष्ट केली तरी दुकानांत दिसलेले निम्मे चमत्कार नाहींसे होतात.

दुसरा अडथळा खुद्द आपल्या कानाचा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर इकडचा तिकडे झाला कीं जवारी खुलते किंवा बुजते, हें मिरजेचा कोणताहि कारागीर सांगेल. इअरफोनाचें तसेंच आहे. टोपी व कान यांमध्यें बारीकशी फट राहिली तरी खर्ज बाहेर गळून जातो, आणि मग हजार डॉलरांची वस्तूहि डबा वाजवावा तशी वाजते. मनुष्याच्या कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब असते, व तिच्या घडणीमुळें सेकंदास ३,००० कंपनांच्या आसपासचे स्वर ती आपोआप उठावदार करते. इअरफोनानें तिचें तोंड बंद केलें कीं हा नैसर्गिक उठाव राहत नाहीं; म्हणून चांगल्या इअरफोनास तो आपल्या पदरचा घालावा लागतो. इअरफोन किती खोल गेला यावरहि तार स्वरांचा रंग पालटतो. नळी प्रत्येकाची निराळी. तेव्हां एकच इअरफोन दोन भावांस दोन प्रकारचा ऐकूं आला तर दोघांपैकीं कोणी खोटें बोलत नसतो. वयोमानानें तार स्वर प्रथम ऐकूं येईनासे होतात. त्यामुळें आजोबा व नातू यांचा अभिप्राय एक येणें कठीणच. निरनिराळ्या मापांच्या टोप्या लावून पाहणें हा सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी उपाय आहे, आणि तोच लोक सर्वांत शेवटीं करतात.

तिसरा अडथळा डोळ्यांचा. मखमलीच्या पेटींतून निघालेली व मोल ठाऊक असलेली वस्तु गोड वाजलीच पाहिजे, असें मन आधींच ठरवून बसतें. यावर उपाय एकच : कोणता नमुना वाजतो आहे हें ऐकणारास कळूं न देणें. परंतु इअरफोनाचा आकार कानास लागतो, म्हणून नुसती डोळ्यांवर पट्टी बांधून भागत नाहीं. हार्मन कंपनींतील शॉन ऑलिव्ह व त्यांचे सहकारी यांनीं यांतून मोठी चतुर वाट काढली. त्यांनीं ३० जातींच्या इअरफोनांचीं मापें घेतलीं, आणि त्या प्रत्येकाचा स्वरांचा तोल एकाच इअरफोनांतून इक्वलायझरच्या साहाय्यानें हुबेहूब वठविला. अशा रीतीनें ७१ माणसांस नांव, रूप व किंमत यांचा पत्ता लागूं न देतां त्यांनीं सर्व जाती ऐकविल्या, व आवडीनिवडीचे गुण मागितले. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा कीं, खर्ज, मध्य व तार यांचा तोल कसा आहे एवढ्यावरून श्रोत्यांची पसंती बरीचशी आधींच सांगतां येते. त्याच वर्षीं येरून ब्रेबार्ट यांनीं सर्व प्रकारच्या २८३ हेडफोनांचीं मापें तपासलीं, तों स्वरांचा तोल व बाजारांतील किंमत यांचा परस्परांशीं कांहीं संबंध आढळला नाहीं. वडिलांच्या म्हणण्यास एवढा आधार पुष्कळ झाला!

पण मुलाची बाजूहि ऐकली पाहिजे. आमच्या घरीं मधून मधून अशी पारखीची बैठक भरते. सर्व नमुने आधीं सारख्या मोठेपणावर आणलेले असतात; वहिनी यंत्र हाताळतात, धाकटा पुतण्या टिपण ठेवतो, आणि ऐकणारांस किंमती सांगावयाच्या नाहींत असा दंडक आहे. ऐकावयास नेहमींच्या परिचयाच्याच वस्तु घेतों : नुसता तंबोरा, विलंबित ख्याल, एखादें नाट्यगीत आणि तबल्याचा एकल पेशकार. कारण जो नाद प्रत्यक्ष बैठकींत आपण ऐकला आहे, त्याचीच खरीखोटी प्रत कानास कळते. अशा रीतीनें ऐकतांहि तिन्ही नमुन्यांतील भेद शिल्लक राहतात, व ते लहान नाहींत. ईआर-४ एसआरमध्यें तंबोऱ्याच्या चारी तारा वेगळ्या मोजतां येतात, गाण्याचे शब्द कोरल्यासारखे स्पष्ट येतात, पण डग्ग्याचा घुमारा आम्हांस अंमळ रोडावलेला वाटतो. एसई-८४६ मध्यें त्याच डग्ग्यास मांसलपणा येतो व गळा ऊबदार वाटतो, मात्र तंबोऱ्याची वरची झळाळी कांहींशी झांकली जाते. आयई-९०० खर्ज व तार या दोहों टोंकांस भरपूर वाव देतो, आणि त्या मानानें गायक किंचित् मागें सरून बसल्यासारखा भासतो. हे भेद खरे आहेत. पण हे रुचीचे भेद आहेत, पायरीचे नव्हेत. एकाची आमटी दुसऱ्यास तिखट लागावी, तशांतलाच हा प्रकार.

गेल्या बैठकींत असें झालें कीं, आमच्या आत्याबाईंनीं तिन्ही ऐकून तत्काळ ईआर-४ एसआर उचलला, म्हणजे तिघांत जो सर्वांत स्वस्त तोच. कारण विचारतां त्या म्हणाल्या, "यांत पदाचे शब्द कळतात. बाकीच्यांत नुसता सूर कळतो." पुतण्यानें टिपण तपासलें, तों प्रत्येक गाण्यास त्यांचें उत्तर तेंच होतें. दोन वर्षांपासून त्या घरांत "हळू बोलूं नका" म्हणून रागावत असत, व आम्ही तें वयाचें म्हणून सोडून देत होतों. त्यानंतर त्यांच्या कानांची रीतसर तपासणी करविली, तेव्हां तार स्वरांची श्रवणशक्ति बरीच कमी झाली असल्याचें निघालें. आतां त्या श्रवणयंत्र वापरतात, आणि त्याच्या आंत तीच बॅलन्स्ड आर्मेचरची पट्टी आहे, जिच्यासाठीं आमच्यासारखे शौकीन हजारों रुपये मोजतात. घरांतील बोलणें त्यांस आतां पुष्कळच कळतें.

यावरून आम्ही तरुण वाचकांस एक गोष्ट आग्रहानें सांगूं इच्छितों. अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केसाळ पेशी नाद ग्रहण करतात, त्या एकदां मेल्या कीं पुन्हा उगवत नाहींत. ८० डेसिबलांचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाहीं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. परंतु दर ३ डेसिबलांमागें हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलांवर तो आठवड्यास अवघे चार तास उरतो. येथें चांगल्या बसणाऱ्या इअरफोनाचा मोठा गुण असा कीं, तो बाहेरचा गोंगाट अडवितो, आणि म्हणून लोकलच्या खडखडाटांतहि आवाज चढवावा लागत नाहीं. तेव्हां पैसे खर्चावयाचेच असतील, तर प्रथम ते कानांत नीट बसण्यावर खर्चावे.

आतां मूळ वादाकडे वळूं. मुलानें मागणी करण्यापूर्वीं इतकें करावें. सध्यांच्या इअरफोनास निरनिराळ्या टोप्या लावून पाहाव्या. मग इक्वलायझरनें स्वरांचा तोल बदलून आपल्याला नक्की काय कमी वाटतें, खर्ज कीं तार, याचा शोध घ्यावा. त्यानंतर एखादा स्वस्त नमुना आणावा. चीनमधील चेंगडू येथील मूनड्रॉप कंपनीचा चू हा इअरफोन २०२२ सालीं अवघ्या वीस डॉलरांस निघाला होता. महाग नमुना मित्राकडून उसना घेऊन दोन्ही सारख्या मोठेपणावर आणावे. महाग नमुन्याचा तोल इक्वलायझरनें त्या स्वस्तांत वठवावा. तो तोल व स्वस्त नमुन्याचा मूळचा तोल यांपैकीं कधीं हा, कधीं तो, असे दहा वेळां दुसऱ्याकडून लावून घ्यावे, आणि त्याच एका इअरफोनांतून ऐकून आपली पसंती सांगावी. महागाचा तोल दहांपैकीं नऊ वेळां तरी निवडला, तर तो फरक खरा समजावा. कारण नुसत्या अंदाजानें तितकें यश हजारांत सुमारें अकराच वेळां येतें. ही परीक्षा तोलापुरतीच आहे. पण पसंतीचा बराच भाग तोलावरच अवलंबून असतो, हें वर आलेंच आहे. इतकें करून जो मुलगा "मला हाच पाहिजे" म्हणेल, त्यास आमच्या मतें वडिलांनीं उधळ्या म्हणूं नये. त्यानें वस्तु पारखली आहे. आणि वडिलांनींहि एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसून तो तंबोरा ऐकावा. त्यांस फरक ऐकूं आला तर उत्तम. शब्दच नीट ऐकूं येत नाहींत असें आढळलें, तर इअरफोनाचा विषय तूर्त बाजूस ठेवून दुसऱ्या दिवशीं कानाच्या डॉक्टरांकडे जावें.