चेहऱ्यावरचा वण

आमच्या परळच्या साक्षरता वर्गात एक बाई येत असत. पन्नाशीच्या. पदर नेहमी हनुवटीपर्यंत ओढलेला. फळ्याकडे बघायचे तर त्या मान वर करीत नसत, सगळे अंगच मागे कलवीत. मला वाटले, पाठीचे दुखणे असेल. एके दिवशी वर्ग सुटल्यावर त्याच म्हणाल्या, "गुरुजी, मी लहान होते तेव्हा चाळीत स्टो भडकला. मान नि हनुवटी भाजली. तेव्हापासून मान वर होत नाही. आता या वयात काही होईल का हो?"

मी मास्तर, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न मनात राहिला. डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते येथे सांगतो.

वण म्हणजे काय?

कातडीला खोल जखम झाली की शरीर ती आपणच सांधते. पण सांधताना पहिल्यासारखी कातडी होत नाही. चिवट तंतूंचे ठिगळ बसते. त्यालाच आपण वण किंवा व्रण म्हणतो. पहिले काही महिने तो लाल, टणक आणि खाजरा असतो. पुढे हळूहळू फिका आणि मऊ होतो. याला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. म्हणून डॉक्टर सहसा घाई करीत नाहीत. "थोडे थांबा" म्हणाले, तर ते टाळतात असे समजू नका. डोळा मिटत नसेल किंवा तोंड उघडत नसेल, तर मात्र ते थांबत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. वण पुसून टाकता येत नाही. पाटीवरच्या अक्षरासारखा तो नाही. पण तो बारीक करता येतो, लपवता येतो आणि आखडलेली कातडी मोकळी करता येते.

ही विद्या आपल्याकडची

नाक, कान जोडण्याची रीत सुश्रुताच्या ग्रंथात आहे. झाडाचे पान नाकाएवढे कापून माप घ्यावे आणि तेवढी कातडी गालावरून घ्यावी, असे त्यात सांगितले आहे.

ही विद्या पुढे कारागिरांच्या हातात राहिली. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक गाडीवान होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली.

कारागिराने मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून माप घेतले. ती कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधे एक लहान पट्टी जोडलेली ठेवली. मग कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. वरून पाण्यात कालवलेला कात फडक्याच्या पट्ट्यांना लावून त्या चिकटवल्या. होय, आपल्या पानातला कात! सुमारे पंचवीस दिवसांनी ती मधली पट्टी कापली.

पट्टी का ठेवली? कोकणातल्या वाचकांना हे लगेच समजेल. आंब्याचे भेटकलम बांधताना फांदी आधी आईच्या झाडापासून तोडत नाहीत. सांधा जुळला, नवा रस मिळू लागला की मग तोडतात. कातडीचेही तसेच. नव्या जागचे रक्त मिळेपर्यंत जुने तोडायचे नाही.

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात ही हकिकत चित्रासह छापली गेली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज डॉक्टराने आधी अभ्यास केला आणि १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कावसजीचे नाव जगभर गेले. त्या कारागिराचे नाव मात्र छापले गेले नाही. कपाळावरची कातडी घेऊन नाक करण्याची ही रीत आजही डॉक्टर वापरतात.

आज काय करतात?

पहिली रीत साधी. रुंद, वेडावाकडा वण कापून काढायचा आणि कडा नीट जुळवून बारीक धाग्याने थराथराने शिवायच्या. चेहऱ्यावरचे टाके लवकर, साधारण पाच-सहा दिवसांत काढतात, म्हणजे टाक्यांचे डाग राहत नाहीत. कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो, तशा कातडीलाही रेषा असतात. कपाळावरच्या आठ्या पाहा, हसताना पडणाऱ्या रेषा पाहा. वण या रेषांच्या दिशेने असला तर लपतो, आडवा असला तर ताणला जाऊन रुंदावतो. म्हणून डॉक्टर जमेल तेथे नवी शिवण या रेषेत आणतात.

दुसरी रीत इंग्रजी झेड अक्षराची. सरळ वण दोरीसारखा आखडून ओढत असेल, तर तो कापून त्याच्या दोन्ही टोकांपासून तिरके छेद घेतात. कातडीचे दोन त्रिकोण तयार होतात. त्यांची अदलाबदल करून शिवले की ताण मोडतो आणि लांबी वाढते. ही लांबी बाजूच्या ढिल्या कातडीतून मिळते. शिवणकाम करणाऱ्या बायकांनी कागद कापून पाहावा.

तिसरी रीत कातडी लावण्याची. भाजलेली जागा मोठी असेल, तर मांडीची पातळ कातडी किंवा कानामागचा जाड तुकडा काढून तेथे लावतात. भाताचे रोप उपटून लावल्यासारखेच हे. पहिले काही दिवस ती जागा हलता कामा नये, नाहीतर रोप धरत नाही.

खडबडीत वण घासून किंवा लेसर किरणांनी काही अंशी सपाट करता येतो. काहींचा वण मात्र जखमेच्या बाहेर वाढत जातो. कान टोचल्यावर पाळीला गाठ आलेली तुम्ही पाहिली असेल. तिला केलॉईड म्हणतात. ती नुसती कापली तर पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठी येते. म्हणून तिच्यात औषधाची सुई देतात आणि कापलीच तर पुढचे उपचारही करतात.

कोठे जावे?

जाहिरात पाहून, उसने पैसे काढून कोठेही जाऊ नये. परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ पासून लोकांची सेवा करीत आहे. ते महापालिकेचे आहे. मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे रुग्णालयही महापालिकेचे. भायखळ्याचे जे.जे. सरकारी आहे. डॉ. नोशीर अंतिया यांनी जे.जे.मध्ये या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला आणि कुष्ठरोगाने बिघडलेले चेहरेही सुधारले. या रुग्णालयांत केसपेपर काढून "प्लास्टिक सर्जरी" विभाग विचारावा. प्लास्टिक म्हणजे बादलीचे प्लास्टिक नव्हे. घडण देणे, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात सांगावे.

शस्त्रक्रियेआधी मधुमेह असल्यास लपवू नये. विडी, तंबाखू, मिश्री सोडावी. विडीने कातडीचे रक्त कमी होते आणि लावलेली कातडी मरू शकते. नंतर उन्हापासून वण जपावा आणि सांगितलेली मालीश, पट्टा नेमाने करावा.

भाजल्यास जागेवर वाहते साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, शाई, हळद, टूथपेस्ट लावू नये. कोणी अंगावर अॅसिड फेकल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा माणसावर तात्काळ विनामूल्य उपचार केला पाहिजे, असा कायदा २०१३ साली झाला आहे.

आता त्या बाईंचे. डॉक्टरांनी त्यांना खरे तेच सांगितले, "डाग राहील, पण मान वर होईल." त्यांनी घरच्यांना विचारले. घरचे म्हणाले, "आता या वयात कशाला?" बाई म्हणाल्या, "वय झालं म्हणून का खालीच बघायचं?" आणि त्यांनी स्वतःच फॉर्मवर सही केली. अंगठा नव्हे, सही. मानेवरची आखडलेली कातडी सोडवून तेथे मांडीची कातडी लावली. कित्येक महिने मानेला पट्टा होता. मांडीची जखम बरेच दिवस ठणकली. हे सोपे नव्हते.

वण आजही आहे, जवळून दिसतो. पण परत वर्गात आल्या त्या दिवशी बाई मागच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. मी फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. त्यांनी ती पहिल्यांदा वाचून दाखवली.