तेल व वायूच्या कामांचा पहिला अडाखा

कोणतेही मोठे काम हाती घ्यावयाचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. आणि अडचण अशी की, हा प्रश्न ज्या वेळी विचारला जातो, त्याच वेळी उत्तरास लागणारी माहिती जवळजवळ काहीच हाती नसते. घर बांधू पाहणाऱ्या गृहस्थाची जी अडचण, तीच तेल व नैसर्गिक वायू यांचे कारखाने, समुद्रातील प्लॅटफॉर्म आणि शेकडो मैलांच्या नळवाहिन्या उभारणाऱ्यांची. गृहस्थाचा हिशेब चुकला तर एक कुटुंब कर्जात पडते. तेथे हिशेब चुकला तर कोट्यवधींचे भांडवल अडकून पडते, आणि त्याचा भार पुष्कळदा इंधन विकत घेणाऱ्या घरांपर्यंत येऊन पोहोचतो. उलटपक्षी, अडाखा फाजील मोठा निघाला, तर जे काम व्हावयास हवे होते ते सुरूच होत नाही. म्हणून हा पहिला आकडा कसा निघतो आणि त्यावर किती विसंबावे, हे तज्ज्ञांइतकेच सामान्य नागरिकानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

खर्च काढण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिली तपशिलाची. प्रत्येक नळ, प्रत्येक झडप, पायाचा प्रत्येक घनफूट मोजावा, त्याचा दर विचारावा आणि बेरीज करावी. ही रीत उत्तम खरी. परंतु तीसाठी पुरे नकाशे तयार असावे लागतात, आणि ते नकाशे करण्यासच महिनेच्या महिने व पुष्कळ पैसा लागतो. काम करावयाचे की नाही हेच जेथे ठरलेले नाही, तेथे एवढा खर्च कोण करणार? अशा वेळी दुसरी रीत उपयोगी पडते, ती अनुभवाची. मागे झालेल्या तशाच कामांना किती खर्च आला हे पाहावे आणि त्यावरून पुढच्या कामाचा अदमास बांधावा.

लग्नकार्यात जाणता आचारी नेमके हेच करतो. तो सामानाची यादी करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो, ‘पाने किती?’ त्या एका संख्येवरून तो खर्चाचा आकडा सांगतो आणि बहुधा तो फारसा चुकत नाही. त्याच्या मनातल्या हिशेबाचे दोन भाग असतात. चुली, मोठी भांडी, मदतनीस यांचा काही खर्च पन्नास पाने असोत की पाचशे, करावाच लागतो. बाकीचा खर्च पानागणिक वाढतो. स्थिर भाग अधिक पानागणिक भाग, असे हे समीकरण त्याने कागदावर कधी मांडलेले नसते. अनेक कार्यांच्या अनुभवाने ते त्याच्या डोक्यात बसलेले असते. प्रतिगमन, म्हणजे ज्याला संख्याशास्त्रात रिग्रेशन म्हणतात, ते या अनुभवी मनाचेच काम कागदावर, नियमबद्ध रीतीने करते.

या नावाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८८६ साली इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन याने आईबाप व त्यांची मुले यांच्या उंचीची मोजमापे तपासली. उंच आईबापांची मुले उंच असतात खरी, पण सरासरीने पाहता आईबापांइतकी नव्हेत. ती सर्वसाधारण उंचीकडे थोडी मागे सरकतात, असे त्याला आढळले. या मागे सरकण्याला त्याने जे नाव दिले, तेच पुढे दोन गोष्टींमधील संबंध रेषेने दाखवण्याच्या साऱ्या पद्धतीला चिकटले. ती रेषा काढण्याची युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. १८०५ साली फ्रेंच गणिती लजांद्र याने धूमकेतूंच्या कक्षांवरील ग्रंथात लघुतम वर्गांची पद्धत प्रसिद्ध केली. मागील प्रत्येक कामाचा खर्च कागदावर एकेका ठिपक्याने दाखवावा. मग त्या ठिपक्यांमधून अशी रेषा ओढावी की, प्रत्येक ठिपका तिच्यापासून जितका वर वा खाली राहील त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी. झाली ती अनुभवाची रेषा.

आता एक खरे उदाहरण पाहू. अमेरिकेत नैसर्गिक वायूच्या वाहिन्यांचे खर्च ‘ऑइल अँड गॅस जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध होत आले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत नेथन पार्कर यांनी २००४ साली या आकड्यांवरून समीकरणे बसवली. हायड्रोजन वायूच्या वाहिन्यांना काय खर्च येईल हे त्यांना पाहावयाचे होते, आणि तशा वाहिन्या फारच थोड्या असल्याने त्यांनी नैसर्गिक वायूच्या अनुभवाचा आधार घेतला. खर्चाचे त्यांनी चार भाग केले : माल, मजुरी, जमिनीतून जाण्याचा हक्क व संकीर्ण. संकीर्णात मोजणी, आखणी, देखरेख इत्यादी गोष्टी येतात. समीकरणात घालावयाच्या गोष्टी दोनच, नळाचा व्यास इंचांत आणि वाहिनीची लांबी मैलांत.

मजुरीचे समीकरण असे. व्यासाच्या वर्गाला ३४३ ने गुणावे, त्यात व्यासाची २,०७४ पट मिळवावी, त्यात आणखी १,७०,०१३ मिळवावे. हा झाला एका मैलाचा खर्च. त्याला मैलांनी गुणून शेवटी १,८५,००० मिळवावे. उत्तर २००० सालच्या डॉलरांत येते. वीस इंची नळाला एका मैलास ३,४८,६९३ डॉलर मजुरी पडते. चारही भाग अशाच रीतीने काढून शंभर मैलांच्या वीस इंची वाहिनीचा एकूण आकडा सुमारे ७ कोटी ४२ लक्ष डॉलर येतो. त्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या मजुरीचा आहे.

परंतु एका आकड्याहून मोलाची शिकवण तुलनेत आहे. तीच शंभर मैलांची वाहिनी दहा इंची नळाची केली तर खर्च सुमारे ४ कोटी २२ लक्ष डॉलर येतो. म्हणजे व्यास दुप्पट केला, नळाचे तोंड चौपट झाले, आणि खर्च मात्र पावणेदोन पटच वाढला. असे का व्हावे, तेही समीकरणे सांगतात. मैलामागे मालाचा खर्च अडीच पटींहून थोडा अधिक वाढतो, कारण पोलाद अधिक लागते. मजुरी दीडपटीच्या आसपास राहते, कारण चर खणावयाचा तो एकच. जमिनीचा खर्च तर सुमारे सहाव्या हिश्शानेच वाढतो. शेतातून जाणारी पट्टी नळ जाड झाला म्हणून फारशी रुंदावत नाही. मोठी वाहिनी एकदाच घालावी की लहान घालून पुढे दुसरी जोडावी, हा प्रश्न जेव्हा पडतो, तेव्हा नकाशा नसतानाही एवढा विचार या दोन संख्यांवरून करता येतो.

कारखान्यांच्या बाबतीतही असाच एक आडाखा प्रसिद्ध आहे. १९४७ साली रॉजर विल्यम्स या अमेरिकन अभियंत्याने ‘सहा-दशांशाचा नियम’ मांडला. उत्पादनशक्ती ज्या पटीने वाढते, त्या पटीचा ०·६ वा घात जितका, तितक्या पटीने खर्च वाढतो. शक्ती दुप्पट केली तर खर्च सुमारे दीडपट. याचे मर्म भूमितीत आहे. टाकीत मावणारे तेल लांबी-रुंदी-उंचीच्या घनाने वाढते, पण टाकीला लागणारा पत्रा वर्गानेच वाढतो.

येथवर सारे सोपे वाटते, आणि धोका नेमका तेथेच आहे. समीकरण हे ज्या अनुभवातून निघाले, त्या अनुभवाच्या कुंपणाबाहेर ते आंधळे असते. पार्कर यांच्या समीकरणांमागील नळ चार ते बेचाळीस इंची होते. अलास्काची तेलवाहिनी अठ्ठेचाळीस इंची व सुमारे आठशे मैल लांब आहे. ती समीकरणे तिला लावली तर २००० सालच्या डॉलरांत सुमारे १८८ कोटी खर्च येतो. प्रत्यक्षात १९७७ साली ती पुरी झाली, तेव्हा पंपगृहे व वाल्डेझचे बंदर धरून सुमारे ८०० कोटी डॉलर लागले होते. आणि ते डॉलर तर २००० सालच्या डॉलरांहून अधिक मोलाचे! बारमाही गोठलेली जमीन उष्ण तेलाने वितळू नये म्हणून निम्म्याहून अधिक वाहिनी खांबांवर उचलून घ्यावी लागली. व्यास आणि लांबी या दोन संख्यांना त्या बर्फाची वार्ता कोठून असणार? योजकांचा स्वतःचा आरंभीचा अंदाजही सुमारे ९० कोटी डॉलरांचाच होता.

समुद्रातील कामांनाही हेच लागू आहे. मुंबईच्या पश्चिमेस १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून निघू लागले. त्या ‘मुंबई हाय’ क्षेत्रातील पाणी सुमारे पाऊणशे मीटर खोल असल्याने तेथे तळावर पाय रोवून उभे राहणारे प्लॅटफॉर्म बांधता आले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोरच्या समुद्रात काही विहिरी हजार मीटरहून खोल पाण्यात आहेत. तेथे यंत्रसामग्री समुद्राच्या तळावरच बसवावी लागते. पहिल्या अनुभवाची रेषा दुसरीकडे लांबवणे म्हणजे विहीर खणण्याच्या दरावरून बोगद्याची किंमत सांगण्यासारखे होय.

कालमानाचेही भान हवे. पोलाद, मजुरी व चलन यांच्या किमती बदलतात. म्हणून जुने सारे आकडे प्रथम एका वर्षाच्या भावावर आणून मगच रेषा काढावी लागते, आणि उत्तर पुन्हा आजच्या भावावर आणावे लागते. तसेच, जी कामे अर्ध्यावर सोडून दिली गेली त्यांचे आकडे या यादीत बहुधा नसतातच. यास्तव यादी मुळातच थोडी आशावादी असते.

म्हणूनच या शास्त्रातील जाणते लोक नुसता आकडा देत नाहीत, त्याची चूकही सांगतात. खर्चशास्त्राची ए. ए. सी. ई. ही अमेरिकेत स्थापन झालेली संस्था अंदाजांच्या पाच श्रेणी मानते. पाचवी श्रेणी सर्वांत आरंभीची. त्या वेळी आखणीचे काम फार तर दोन टक्के झालेले असते, आणि खरा खर्च अंदाजाहून वीस ते पन्नास टक्के कमी किंवा तीस ते शंभर टक्के अधिक निघू शकतो. वरची बाजू खालच्या बाजूहून लांब आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. १९८१ साली अमेरिकेतील रँड संस्थेने चाळीसहून अधिक नव्या धर्तीच्या कारखान्यांचा अभ्यास करून अंदाज किती व का चुकतात यावरच प्रतिगमन लावले. पूर्वी कोठे न वापरलेली प्रक्रिया आणि जागेची व कामाची अपुरी माहिती, ही दोन कारणे त्यात ठळकपणे पुढे आली.

तात्पर्य असे की, प्रतिगमन हे भविष्य सांगत नाही. मागचा अनुभव काय म्हणतो, एवढेच ते प्रामाणिकपणे सांगते. हा प्रामाणिकपणा टिकतो तो आकड्याच्या दोन्ही टोकांसह. व्यवहारात मात्र कागदावरची मर्यादा गळून पडते आणि मधला एक आकडा तेवढा सभेत, वर्तमानपत्रांत व लोकांच्या तोंडी राहतो. पुढे खर्च वाढला की कोणी लबाडी केली असा बोभाटा होतो. कधी तो खरा असतो, पण कित्येकदा मूळचा अंदाजच ‘दुपटीपर्यंत जाऊ शकेल’ असे सांगत होता, हे विसरले गेलेले असते.

यापुढे एखाद्या प्रचंड योजनेचा खर्च वाचनात आला, तर सुज्ञ वाचकाने चार प्रश्न अवश्य विचारावेत. हा आकडा कोणत्या सालच्या भावाने आहे? तो कोणत्या जुन्या कामांवरून काढला आहे? हे काम त्या कामांसारखे आहे काय? आणि तो किती खाली व किती वर जाऊ शकतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जेथे मिळत नाही, तेथे पहिला आकडा कितीही बारकाईने, अगदी रुपया-पैशापर्यंत मांडलेला असला, तरी त्यावर विसंबून निर्णय घेणे शहाणपणाचे नव्हे.