डाळिंबाच्या सालीतला तुरटपणा

ज्यूसवाल्याच्या गाडीमागचं पिंप कधी पाहिलंय? दाणे काढून उरलेल्या लालभडक सालींनी ते दुपारपर्यंत भरतं आणि रात्री कचऱ्यात रिकामं होतं. डाळिंबाच्या वजनात साल 40 ते 50 टक्के असते. किलोभर डाळिंबं आणली तर जवळजवळ अर्धा किलो आपण फेकून देतो.

सालीचा तुकडा चावून पाहा. जीभ आवळते, तोंडाला कोरड पडते. सालीतलं प्युनिकॅलॅजिन आणि त्याच्या जातीची टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. कीड आणि बुरशीपासून दाण्यांची राखण करायला झाडाने हाच तुरटपणा सालीत भरून ठेवलाय. माणसाने तो कातडी कमवायला आणि सूत रंगवायला वापरला. सालीच्या काढ्याला तुरटीची जोड दिली की कापडावर पिवळा रंग चढतो. हिराकस घातलं की तोच रंग करडा, काळपट होतो. खोकला झाला की घरातली मोठी माणसं सालीचा तुकडा तोंडात धरायला द्यायची, तोही याच तुरटपणासाठी.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की कारखान्यात अख्खं फळ दाबून काढलेला रस ऑक्सिडीकरण रोखण्यात नुसत्या दाण्यांच्या रसापेक्षा सरस ठरतो. साल दाबली गेल्यामुळे तिच्यातलं प्युनिकॅलॅजिन रसात उतरलेलं असतं.

पोटात गेल्यावर मात्र गोष्ट इतकी सरळ राहत नाही. प्युनिकॅलॅजिनचा रेणू मोठा, तो जसाच्या तसा रक्तात शिरत नाही. त्यातून एलॅजिक आम्ल सुटतं आणि आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन बनवतात. हे काम जमणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. सालीच्या अर्काने परीक्षानळीत जंतू मेले म्हणून माणूस बरा होतो असंही नाही. सालीची पूड सर्व रोगांवर रामबाण म्हणून विकणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

त्याहून मोठी अडचण बागेत आहे. फळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या तेल्या रोगाने आपल्या डाळिंब बागायतदारांना वर्षानुवर्षं बेजार केलंय. बाग वाचवायला फवारण्या कराव्याच लागतात आणि फवारा आधी बसतो तो सालीवर. गुणही तिथेच, औषधाचा अंशही तिथेच. शिवाय ओली साल लवकर बुरसते. यावरचा उपाय मला दाणे सोलून पॅक करणाऱ्या केंद्रांत दिसतो. तिथे साल एकाच जागी, ढिगाने मिळते. फळ कोणत्या बागेतलं आणि त्यावर काय मारलं, हे विचारता येतं. तपासून ती तिथेच वाळवली, तर पुढे तिचा अर्क काढणं अवघड नाही, कारण प्युनिकॅलॅजिन साध्या पाण्यातही उतरतं.

तुम्ही घरी साल वाळवणार असाल, तर आधी फळ देणाऱ्याला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ती साल पोटात घेऊ नका. एखादा सुती पंचा रंगवायला वापरा.