डांबरीवर पण आणि पाणंदीत पण : मोटारसायकलला टायर कोणता घ्यावा?

माढा, प्रतिनिधी : पाऊस तोंडावर आला की तालुक्याच्या ठिकाणच्या टायर दुकानांसमोर मोटारसायकलींची रांग लागते. गिऱ्हाईक गाडी स्टँडवर लावतं आणि एकच वाक्य बोलतं, "चांगलं टायर टाका." चांगलं म्हणजे काय, हे ना गिऱ्हाईक सांगतं ना दुकानदार विचारतो. भिंतीला जे टांगलेलं असेल ते बसवलं जातं.

शहरातल्या माणसाचं एक बरं असतं, त्याची गाडी घरापासून ऑफिसपर्यंत डांबरीवरच पळते. आपल्याकडं तीच गाडी सकाळी डेअरीला दूध घेऊन जाते, दुपारी पाणंदीनं मोटर चालू करायला रानात जाते, संध्याकाळी पोरांना घेऊन बाजारला जाते. डांबरी, मुरूम, काळी माती, कॅनॉलचा कच्चा रस्ता हे सगळं एका दिवसात आणि एकाच टायरवर होतं.

माढा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संकलन करणाऱ्या तरुणाचं मागच्या जूनमध्ये हेच चुकलं. त्याच्या वस्तीचा दीड किलोमीटरचा रस्ता पावसाळ्यात चिखलाचा. दरवर्षी गाडी घसरते म्हणून त्यानं मे महिन्यात पुढं-मागं दोन्हीकडं मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर टाकले. चिखलात पकड मिळावी म्हणून हवाही कमी ठेवली. पहिला पाऊस झाला, वस्तीवरून गाडी व्यवस्थित बाहेर निघाली. पण पुढं डांबरी वळणावर ब्रेक दाबताच पुढचं चाक सरकलं. दोन्ही कॅन आडवे झाले, दूध रस्त्यावर सांडलं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना दुधाची लाईन चुलतभावाला सांभाळावी लागली. ज्या चिखलाची भीती होती तिथं काहीच झालं नाही, पडला तो डांबरीवर.

असं का झालं, हे समजून घेतलं तर टायर निवडणं सोपं जातं. ठोकळ्यांच्या टायरमध्ये रबराचे गट्टू उंच आणि एकमेकांपासून लांब असतात. मऊ जमिनीत ते रुततात आणि मधल्या मोकळ्या जागेतला चिखल चाक फिरलं की बाहेर फेकला जातो. डांबरीवर मात्र रुतायला काही नसतं. तिथं पकड मिळते ती रबर जेवढं रस्त्याला चिकटून असेल तेवढीच. अंतरावर गट्टू म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. त्यात वळणावर किंवा ब्रेक मारताना उंच गट्टू वाकतात, गाडी डुलल्यासारखी वाटते. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ, तेल, डिझेल वर येऊन आधीच निसरडं झालेलं असतं. शिवाय असा टायर डांबरीवर लवकर झिजतो, आवाज करतो आणि ॲव्हरेजही थोडं कमी देतो.

उलट, डांबरीसाठी बनवलेल्या टायरला गट्टू नसतात, चऱ्या असतात. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना कंपनीकडून पुढं सरळ उभ्या चऱ्यांचा टायर येतो. या चऱ्यांतून पाणी निघून जातं आणि रबर रस्त्याला टेकून राहतं. चिखलात मात्र त्या दोन मिनिटांत भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो.

या दोन्हींच्या मधला प्रकार मिळतो. त्यात गट्टू असतात पण बुटके आणि जवळजवळ, आणि मधल्या पट्ट्यात रबर जवळपास सलग असतं. हिमालयन, एक्सपल्ससारख्या उंच गाड्यांना कंपनी याच जातीचे टायर देते. त्यांचं पुढचं चाक २१ इंचाचं असतं, त्यामुळं तो टायर आपल्या १८ इंचाच्या गाडीला बसत नाही. पण साध्या गाडीच्या मापातही मधल्या नक्षीचे टायर आहेत, मागून घ्यावे लागतात एवढंच.

मग घ्यायचं काय? आधी आपली गाडी आठवडाभर कुठं पळते याचा अंदाज काढावा. घरापासून डांबरीपर्यंत एक-दोन किलोमीटर आणि पुढं वीस-पंचवीस किलोमीटर डांबरी असं असेल, आणि बहुतेकांचं तसंच आहे, तर टायर डांबरीचाच घ्यायला हवा. एक-दोन किलोमीटरसाठी पंचवीस किलोमीटरची पकड घालवण्यात अर्थ नाही. अशा माणसानं पुढं कंपनीच्या नक्षीचा टायर ठेवावा आणि मागं मधल्या नक्षीचा टाकावा. चिखलातून गाडी ढकलायचं काम मागचं चाक करतं. ब्रेक मारला की भार मात्र पुढच्या चाकावर येतो.

पंचवीस वर्षं टायर-पंक्चरचं काम करणारे एक मिस्त्री हेच त्यांच्या भाषेत सांगतात : "मागचं सरकलं तर गडी पाय टाकून सावरतंय. पुढचं सरकलं की सरळ खालीच येतंय. आन् लोकं पैसे वाचवायला पुढचंच टायर गोटा होईस्तोवर वापरत्यात." मागचा टायर लवकर झिजतो म्हणून तो बदलला जातो, पुढच्याकडं वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

ज्यांची गाडी खरोखरच दिवसभर रानात, कॅनॉलवर, मुरमाट माळावर फिरते, त्यांनी दोन्हीकडं मधली नक्षी टाकायला हरकत नाही. सांगोल्याकडच्या हलक्या, मुरमाड जमिनीत या टायरचा चांगला उपयोग होतो. पण भीमेकाठच्या काळ्या रानात वाफसा नसताना कुठल्याच टायरचा भरवसा नाही. तिथं अडचण पकडीची नसतेच. चिकट माती टायरला लपेटून पुढच्या मडगार्डात ठासून बसते आणि चाक फिरायचंच बंद होतं. टायर जेवढा जाड, तेवढी मडगार्डात जागा कमी, म्हणजे जाड टायरवाला आधी अडकतो. अशा वेळी गाडी डांबरीच्या कडेला लावून चालत गेलेलं बरं. गेलाच तर सोबत खुरपं ठेवावं आणि परत डांबरीवर आल्यावर थोडं अंतर हळू चालवावं, कारण चऱ्यांतली माती निघेपर्यंत टायरला पकड नसते. कारखाने सुरू झाल्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेला चिखल हा वेगळाच विषय, तिथं चांगला टायरसुद्धा घसरतो.

नक्षीइतकंच महत्त्वाचं टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, आणि ते कुणी वाचत नाही. उदाहरणार्थ ८०/१००-१८ ५४ पी. यातलं ८० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के, १८ म्हणजे रिमचं माप इंचात. पुढचा ५४ हा वजनाचा खुणेचा आकडा आहे. ४२ म्हणजे १५० किलो, ४७ म्हणजे १७५, ४८ म्हणजे १८० आणि ५४ म्हणजे २१२ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगापर्यंत चालेल, त्याची आपल्याला काळजी नाही. काळजी वजनाची आहे.

हिशोब करून बघा. ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे ८२ किलोच्या आसपास दूध, रिकाम्या कॅनचं वजन वेगळं. चालवणारा ७० किलोचा, गाडी ११० किलोच्या पुढं. सगळं मिळून पावणेतीनशे किलो होतं. कॅन मागं लटकतात, म्हणजे यातला मोठा भाग मागच्या एका टायरवर. ८०/१००-१८ याच मापात ४७ चाही टायर मिळतो आणि ५४ चाही. पहिला पुढच्या चाकाचा, दुसरा मागच्या. दुकानात गडबडीत "माप तेच आहे" म्हणून ४७ चा टायर मागं बसवला तर दुधाच्या गाडीला तो पुरत नाही. तो तापतो, त्याच्या बाजू फुगतात आणि खड्ड्यात आदळला की आतून तुटतो. माप सारखं असलं तरी हा आकडा बघून घेणं दुधवाले, भाजीवाले, खताची पोती नेणारे यांनी विसरू नये.

दुसरा आकडा चार अंकी असतो, लांबट गोल चौकटीत. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. रबर पडून राहिलं तरी कडक होतं. तीन-चार वर्षं दुकानात उन्हात टांगलेला टायर नवाकोरा दिसतो, पण ओल्या रस्त्यावर त्याचा भरवसा नाही. आयएसआय शिक्का आणि आयएस १५६२७ हा क्रमांकही बघावा, दुचाकीच्या टायरसाठीचं मानक ते आहे. गुळगुळीत टायरला गरम अवजारानं नव्या चऱ्या कोरून विकणारेही भेटतात. तसला टायर फुकट दिला तरी घेऊ नये, कोरल्यावर खाली रबरच उरत नाही.

वेड्या बाभळीचे आणि सराट्याचे काटे ही आपल्याकडची रोजची डोकेदुखी, त्यामुळं ट्यूबलेसची विचारणा वाढली आहे. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते, रानातून घरी येता येतं. पण तारांच्या चाकाला ट्यूबलेस टायर घातला तरी आत ट्यूब टाकावीच लागते, कारण तारांच्या भोकांतून हवा जाते. म्हणजे पैसे जास्त आणि फायदा काही नाही. अलॉय चाक असेल तरच ट्यूबलेसचा विचार करावा, आणि तेही त्या रिमवर ट्यूबलेस लिहिलेलं असेल तर. टायरच्या बाजूला पडलेलं भोक मात्र ट्यूबलेसमध्ये बुजवू नये, टायर बदलावाच लागतो.

जाड टायरचा हट्टही तपासून घ्यावा. २.७५ च्या जागी मागं ३.०० बऱ्याच गाड्यांना बसतो, पण चेनकव्हरला घासत नाही ना हे दोघं बसवून बघावं.

हवेचं गणित सोपं आहे, पाळत कुणी नाही. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढं २५ आणि मागं एकट्यासाठी २८ पीएसआयच्या आसपास हवा लागते, मागं माणूस किंवा ओझं असेल तर मागच्या चाकात बरीच जास्त. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो. चिखलासाठी हवा कमी केली तर डांबरीला लागल्यावर परत भरलीच पाहिजे.

टायर बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे का ते स्वतः बघावं. जुनी ट्यूब परत टाकू देऊ नये, ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये घडी पडून फुटते. पक्कं बिल घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालेला आहे, बिलात तोच लावलेला आहे का बघावं. आणि नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर बेतानं चालवावा, वरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत तो घसरतो.

त्या दुधवाल्या तरुणाच्या गाडीला आता पुढं कंपनीच्याच उभ्या चऱ्यांचा टायर आहे आणि मागं मधल्या नक्षीचा, ५४ आकड्याचा. वस्तीच्या दीड किलोमीटरला पाऊस जास्त झाला की तो कॅन बैलगाडीतून डांबरीपर्यंत आणतो. हा पाणंद रस्ता खडीकरणासाठी ग्रामसभेत मांडलेला आहे.