आगाऊ फी म्हणजे कमाई नव्हे

लग्नसराईत शिंप्याच्या दुकानी विसार येतो. दहा शेरवान्यांचा विसार गल्ल्यात पडला म्हणून कोणी अनुभवी मास्टर त्याला नफा म्हणत नाही. कापड, अस्तर, कारागिराची मजुरी अजून जायची असते. माल तारखेला मिळाला नाही तर गिऱ्हाईक पैसे परत मागायला दारात उभे राहते.

मोबाईलवरून शिकवणी देण्याच्या धंद्यातही पैसा असाच आधी येतो आणि काम मागून करावे लागते. आपली शिकलेली मुले हल्ली असा धंदा काढण्यासाठी वडिलांकडे भांडवल मागतात. भांडवल देण्यापूर्वी दोन कंपन्यांची हकिकत व्यापारी बांधवांनी पाहावी.

पहिली बायजूज. तिचे ॲप २०१५ मध्ये आले. कोरोनाच्या काळात शाळा बंद झाल्या तशी मागणी वाढली आणि बाहेरचे भांडवलही ओतले गेले. २०२० मध्ये व्हाईटहॅट ज्युनियर, २०२१ मध्ये आकाश या कंपन्या तिने विकत घेतल्या. त्याच वर्षी १.२ अब्ज डॉलरचे कर्ज काढले. २०२२ मध्ये तिची किंमत २२ अब्ज डॉलर धरली जात होती. मात्र मार्च २०२१ अखेरचा ताळेबंद बाहेर आला तो जवळजवळ दीड वर्षाने, सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि त्यात तोटा निघाला सुमारे ४,५८८ कोटी रुपये. तोट्याच्या अनेक कारणांपैकी एक आपल्या ओळखीचे आहे. काही वर्षांच्या शिकवणीची फी एकदम जमा न धरता, शिकवणी जसजशी दिली जाईल तसतशी धरण्याची पद्धत तेव्हा लागू झाली. विसार आणि विक्री यांतला फरक वहीत उमटला. २०२४ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. खेळाडूंच्या जर्सीवर नाव झळकवण्याची ती रक्कम होती!

दुसरी फिजिक्सवाला. अलख पांडे यांनी २०१६ च्या सुमारास यूट्यूबवर फुकट शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी आधी जमले, ॲप २०२० मध्ये आले. वर्षभराची फी हजाराच्या आसपास ठेवली. गिऱ्हाईक ओळखीचे असल्याने जाहिरातीवर पैसा उधळावा लागला नाही. २०२१-२२ मध्ये सुमारे ९८ कोटींचा नफा झाला आणि मग २०२२ मध्ये बाहेरचे १० कोटी डॉलर घेतले. पुढे गावोगावी केंद्रे उघडली तसा याही कंपनीला तोटा आला. २०२३-२४ चा तोटा हजार कोटींच्या वर दिसतो. त्यातला मोठा भाग समभागांच्या मूल्यबदलाचा, म्हणजे कागदी, होता. २०२४-२५ मध्ये तो सुमारे २४३ कोटींवर आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. वाढ स्वस्त पडत नाही, एवढे यावरून दिसते.

आता लहान प्रमाणावर हिशेब मांडू. समजा, ३०० मुलांनी दहा महिन्यांसाठी प्रत्येकी हजार रुपये भरले. जूनमध्ये हाती तीन लाख आले, पण जूनची कमाई तीसच हजार. दोन शिक्षकांचा पगार, मोबाईल व इंटरनेटचा खर्च, शंका विचारणाऱ्या मुलांना उत्तर देणारा एक माणूस, हे सारे दर महिन्याच्या तीस हजारांत बसते काय? बसत नसेल तर फी वाढवावी किंवा मुले वाढेपर्यंत शिक्षक एकच ठेवावा. जूनमध्येच दीड लाखाची जाहिरात केली, तर जानेवारीचा पगार पुढच्या वर्षीच्या मुलांच्या फीतून द्यावा लागेल. धंदा बुडायला सुरुवात होते ती तिथून, बाहेरून गर्दी दिसत असली तरी.

फी कर्जाच्या हप्त्यांवर विकण्याचा मोह टाळावा. मूल दोन महिन्यांत शिकवणी सोडते, बापाच्या मागे हप्ता राहतो, आणि मोहल्ल्यात नाव खराब होते ते दुकानदाराचे.

मुलाने भांडवल मागितले तर ॲप किती जणांनी उतरवले, हे विचारू नये. गेल्या वर्षी पैसे भरलेल्यांपैकी किती जण यंदा पुन्हा आले, किती जणांनी शिकवणी शेवटपर्यंत घेतली, ते विचारावे. फीसाठी बँकेत वेगळे खाते काढावे आणि दर महिन्याला शिकवून झालेल्या महिन्याचीच रक्कम त्यातून धंद्याच्या खात्यात घ्यावी.